नोटीस आली? उत्तर धाडण्याआधी हे वाचा
(आमच्या डॉक्टर आणि वकील पक्षकारांसाठी)

वकिलाला जाहिरातीची मनाई आहे, म्हणून हे पत्रक आम्ही बाहेर वाटत नाही. ज्यांनी फोन करून वेळ घेतली आहे, त्यांनाच पाठवतो.

जबलपूरहून राज्य अधिवक्ता परिषदेचं (म्हणजे राज्याच्या बार कौन्सिलचं) किंवा भोपाळहून मेडिकल कौन्सिलचं, आपल्याविरुद्धच्या तक्रारीची नोटीस असलेलं पाकीट आलं की भलाभला माणूस हादरतो. मग त्याच रात्री रागाच्या भरात उत्तर लिहिलं जातं, सकाळी स्पीड पोस्टाने जातं आणि आठवड्याने त्याची झेरॉक्स घेऊन पक्षकार रामबागेतल्या आमच्या ऑफिसात आमच्यासमोर बसतात. आमचा सर्वांत जास्त वेळ यातच जातो.

ही उत्तरं बहुधा एकाच साच्याची असतात. पहिलं पान स्वतःच्या निष्कलंक प्रॅक्टिसचं, दुसरं तक्रारदार कसा पैसे बुडवणारा आहे त्याचं. मूळ आरोपाला उत्तर शेवटी, एका ओळीत: ‘फी बाकी होती म्हणून फाइल दिली नाही.’ लिहिणाऱ्याला हा बचाव वाटतो. तक्रार ऐकणाऱ्या शिस्तपालन समितीच्या लेखी ती कबुली ठरते. थकलेल्या फीसाठी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं. तेही आपल्याच मध्य प्रदेशातल्या सहकारी बँकेच्या फायलींवरून. फी वसूल करायला कायद्याचा वेगळा मार्ग आहे. डॉक्टरांनाही रुग्णाने मागितलेले केसपेपर 72 तासांत द्यावे लागतात. ‘बिल थकलंय’ या सबबीला त्या नियमात जागा नाही. सहीनिशी गेलेली अशी ओळ नंतर सावरणं फार जड जातं, आणि खर्चही वाढतो तो तुमचाच.

‘तक्रारदाराला समजावलंय, तो अर्ज मागे घेतोय,’ असंही नेहमी ऐकतो. वकिलांच्या बाबतीत तेवढ्याने चौकशी थांबत नाही, बार कौन्सिलचा तसा नियमच आहे. प्रश्न दोघांच्या भांडणाचा नसतो, तुमच्या सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा असतो. समझोता जरूर करा, पण तो कधी आणि कोणत्या शब्दांत मांडायचा हे आधी ठरवू.

जबलपूरला आमची ओळख आहे का, हे कृपया विचारू नका. अशा कामात आम्ही ओळख वापरत नाही.

कागद वाचण्याची फी आधी घेतो, त्यावर थोडी कुरकुर होते. संपूर्ण तक्रार, जोडपत्रं आणि तुमचं रजिस्टर पाहिल्याशिवाय आम्ही मत देत नाही, आणि हे काम घाईने होत नाही. ‘निकाल बाजूने लागला तर फी देऊ’ अशी बोली करायला वकिलाला बंदी आहे.

येताना पोस्टाच्या शिक्क्यासह पाकीट आणि नोटिशीची सगळी पानं आणा. व्हॉट्सॲपवर पहिल्या पानाचा फोटो पुरत नाही. नोटीस मिळाल्यावर केसपेपरात किंवा डायरीत एक अक्षरही नवीन घालू नका. वकिलांनी हेही ध्यानात ठेवावं की राज्य परिषदेचा निकाल विरुद्ध गेला तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपिलाला 60 दिवस असतात.

नोटीस नसतानाही वर्षातून एकदा संमतिपत्रं, फीच्या पावत्या आणि फाइल परत दिल्याच्या पोचा आम्ही तपासून देतो. नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांनी हे जरूर करून घ्यावं.

कोर्ट सुटल्यावर, संध्याकाळी साडेसहानंतर भेटतो. मुदत आठवड्याच्या आत संपत असेल तर फोनवरच तसं सांगा, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज आधी तयार ठेवता येईल.