डिस्क इमेज संक्षेपण

जुन्या गेम कन्सोलसाठी काढलेल्या सीडी, जीडी-रॉम (सेगाची अधिक माहिती मावणारी चकती), यूएमडी (पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या कन्सोलची छोटी चकती) किंवा डीव्हीडीवरील संपूर्ण माहिती संगणकावर एका फाइलमध्ये अथवा फाइलींच्या संचात उतरवली की त्या प्रतीला डिस्क इमेज म्हणतात. ही इमेज कमी जागेत मावेल आणि तरीही ती आधी न उलगडता एम्युलेटरला, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रणालीला, थेट वाचता येईल, अशा रीतीने तिची बांधणी बदलण्याच्या प्रक्रियेस डिस्क इमेज संक्षेपण असे नाव आहे. सीएचडी, सीएसओ आणि आरव्हीझेड ही त्यासाठी आज वापरात असलेली प्रमुख स्वरूपे होत.

त्याआधीच्या कार्ट्रिजवरील, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या चिपच्या डबीतील, खेळ काही मेगाबाइटांत आटोपत असे. १९८८ साली जपानमध्ये पीसी इंजिन या कन्सोलला सीडी-रॉमची जोड मिळाली, १९९४ साली सेगा सॅटर्न व प्लेस्टेशन बाजारात आले आणि एकेका खेळाचा आकार शेकडो मेगाबाइटांवर गेला. निन्टेन्डोच्या गेमक्यूब या कन्सोलची डिस्क सुमारे १४६ कोटी बाइटांची, तर त्याच कंपनीच्या वी (Wii) या कन्सोलची एकपदरी डिस्क सुमारे ४७० कोटी बाइटांची असते.

झिपसारख्या साध्या संकुचित फाइलीने हे काम नीट होत नाही. खेळ चालू असताना कन्सोल डिस्कवरील कोणताही भाग, कोणत्याही क्रमाने मागतो. सलग दाबलेल्या फाइलीतून मधलाच भाग काढायचा तर त्याआधीचे सर्व काही उलगडावे लागते. म्हणून इमेजचे समान आकाराचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे दाबतात आणि कोणता तुकडा फाइलीत कोठे आहे याची सूची सोबत ठेवतात. तुकडा मोठा ठेवला तर जागा अधिक वाचते, पण थोड्याशा माहितीसाठीही मोठा भाग उलगडावा लागतो; लहान ठेवला तर वाचन चपळ होते आणि बचत घटते. प्रत्येक स्वरूपाला या दोहोंमध्ये आपला मेळ बसवावा लागला आहे.

सीडीच्या बाबतीत खरी बचत तिची रचना ओळखण्यातून होते. सीडीचा एक पूर्ण सेक्टर २३५२ बाइटांचा असतो. माहितीसाठीच्या पहिल्या प्रकारच्या सेक्टरमध्ये त्यांपैकी २०४८ बाइटच वापरकर्त्याचे असतात. उरलेल्यांत १२ बाइटांचा समकालन-नमुना, ४ बाइटांचे शीर्ष, ४ बाइटांचा त्रुटिशोधक संकेत, ८ रिकामे बाइट आणि २७६ बाइटांचा त्रुटिसुधारक संकेत येतो. ओरखडे पडलेल्या चकतीवर हा शेवटचा संकेत अमूल्य असतो, पण इमेजमध्ये तो उरलेल्या बाइटांवरून केव्हाही पुन्हा मोजून काढता येतो. सर्वसाधारण संक्षेपकाला मात्र तो निव्वळ यादृच्छिक भासतो आणि जवळजवळ मुळीच दबत नाही. नील कॉर्लेट यांच्या ईसीएम या साधनाने हे संकेत गाळण्याची कल्पना रुजवली. परंतु ईसीएम फाइल खेळण्यापूर्वी सहसा पूर्ववत करावी लागे.

सीएचडी, म्हणजे कॉम्प्रेस्ड हंक्स ऑफ डेटा, हे स्वरूप अ‍ॅरन जाइल्स यांनी मेम या आर्केड एम्युलेटरसाठी, मुळात आर्केड यंत्रांतील हार्ड डिस्कच्या प्रती ठेवण्याकरिता घडवले. पुढे त्यात सीडी, जीडी-रॉम, लेझरडिस्क आणि अलीकडे डीव्हीडी यांची सोय झाली. सीडीसाठी एका तुकड्यात, म्हणजे हंकमध्ये, सहसा ८ सेक्टर घेतात. समकालन-नमुना व त्रुटिसुधारक संकेत नियमाप्रमाणे जुळत असतील तरच ते वगळले जातात. जुळत नसतील, तर ते जसेच्या तसे राखले जातात. हा सावधपणा फार महत्त्वाचा आहे, कारण काही डिस्कांवर असे सेक्टर मुद्दाम सदोष केलेले असतात. त्यानंतर प्रत्येक हंकवर एलझेडएमए, डिफ्लेट व फ्लॅक या पद्धती आजमावून सर्वांत लहान उत्तर निवडले जाते. फ्लॅक ही ध्वनीसाठीची, मूळ नमुने अबाधित राखणारी पद्धत असल्याने संगीताचे स्वतंत्र ट्रॅक असलेल्या पीसी इंजिन व सॅटर्नच्या खेळांना तिचा चांगला उपयोग होतो. उलट आधीच संकुचित असलेली चित्रफीत ज्या डिस्कवर बहुतांश जागा व्यापते, तेथे कोणत्याही पद्धतीने फारशी बचत होत नाही.

गेमक्यूब व वी यांची अडचण वेगळी आहे. त्यांच्या डिस्कवरील रिकामी जागा शून्यांनी न भरता छद्म-यादृच्छिक बाइटांनी भरलेली असते, आणि वीची माहिती शिवाय एईएस पद्धतीने कूटबद्ध असते. कूटबद्ध माहिती दाबता येत नाही. डॉल्फिन या एम्युलेटरने २०२० साली आणलेले आरव्हीझेड स्वरूप आधी कूट उलगडते, भरावाचे बाइट ज्या गणिती सूत्राने निर्माण झाले त्याचे बीज, म्हणजे सुरुवातीची संख्या, तेवढे नोंदवते आणि उरलेली माहिती बहुधा झेडस्टॅंडर्डने दाबते. लहान खेळाची इमेज यामुळे मूळ आकाराच्या अगदी छोट्या अंशावर येते, आणि तरीही तिच्यातून मूळ डिस्क तंतोतंत उभी करता येते. पूर्वी हाच भराव शून्यांनी पुसून टाकण्याची रीत होती. त्याने खेळ चालत असे, पण मूळ प्रत कायमची हरवत असे. म्हणून संग्रहासाठी ती रीत त्याज्य मानणेच योग्य.

पीएसपीसाठीचे सीएसओ तुलनेने साधे आहे. यूएमडीची इमेज २०४८ बाइटांच्या तुकड्यांत डिफ्लेटने दाबायची, एवढेच त्यात असते; ते प्रत्यक्ष पीएसपीच्या मेमरी स्टिकवरही सुधारित फर्मवेअरच्या आधारे चालत असे.

रूपांतर करताना डिस्कचा प्रकार अचूक सांगावा लागतो. प्लेस्टेशन २ चे काही खेळ सीडीवर, तर बहुतेक डीव्हीडीवर निघाले. सीएचडी बनवणाऱ्या सीएचडीमॅन या साधनात दोहोंसाठी वेगळ्या आज्ञा आहेत. सीडीची इमेज बिन (प्रत्यक्ष माहिती) व क्यू (ट्रॅकांची यादी) अशा फाइलींच्या जोडीत असल्यास क्यू फाइलच साधनाला द्यावी, कारण ट्रॅकांच्या सीमा तीतच नोंदलेल्या असतात. युरोपातील काही प्लेस्टेशन खेळांचे लिबक्रिप्ट हे नक्कलविरोधी संरक्षण डिस्कच्या उपवाहिनीत, म्हणजे मुख्य माहितीसोबतच्या वेगळ्या नोंदींत, दडलेले असते आणि ते बिन फाइलीत येत नाही. त्यासाठीची छोटी एसबीआय फाइल रूपांतरानंतरही सोबत ठेवणे आवश्यक ठरते.

सीएचडीच्या शीर्षात मूळ माहितीचा एसएचए-१ हॅश, म्हणजे माहितीवरून मोजलेली ओळखखूण, असतो आणि पडताळणीची आज्ञा त्याच्याशीच तुलना करते. म्हणजे ही पडताळणी रूपांतरानंतर फाइल बिघडली नाही एवढे सांगते. मुळात डिस्क नीट वाचली गेली होती की नाही, हे तिला ठरवता येत नाही. त्यासाठी मूळ बिन फाइलींचे हॅश रीडंपसारख्या, डिस्कांच्या अचूक प्रतींची नोंद ठेवणाऱ्या जतन-प्रकल्पाच्या नोंदींशी रूपांतरापूर्वीच ताडून पाहावे लागतात.