बिल बेलिचिक कॉलेज फुटबॉलात कसा पोचला

डिसेंबर २०२४ ला अमेरिकन फुटबॉलचा कोच बेलिचिकने नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीची ऑफर घेतली तेव्हा बरेच जण चक्रावले, हेड कोच म्हणून सहा सुपर बोल (प्रोफेशनल लीग एनएफएलची फायनल) जिंकलेला माणूस ७२ व्या वर्षी कॉलेजच्या पोरांना कोचिंग करणार म्हणजे काय. पण घरचा धंदाच तो. वडील स्टीव्ह ५० च्या दशकात ह्याच युनिव्हर्सिटीत असिस्टंट कोच होते, मग ॲनापोलिसला नेव्हल अकॅडमीत ३३ वर्षं. त्यांचं मुख्य काम स्काउटिंग, म्हणजे पुढच्या मॅचवाल्यांचा खेळ आधी जाऊन बघायचा, फिल्म मागेपुढे करून कोण कुठे उभा राहतो, थर्ड डाउनला (म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला) काय करतात ते सगळं लिहून काढायचं. बिल शाळकरी वयापासून तेच शिकला.

खेळाडू म्हणून यथातथाच. वेस्लियन ह्या छोट्या कॉलेजात खेळला, इकॉनॉमिक्सची डिग्री घेतली आणि १९७५ ला एनएफएलच्या बाल्टिमोर कोल्ट्स टीममध्ये आठवड्याला २५ डॉलरवर लागला, काम तेच, फिल्म बघा नि नोंदी काढा. पुढे डेट्रॉइट, डेन्व्हर, आणि १९७९ पासून न्यूयॉर्क जायंट्स. तिथे बिल पार्सेल्सच्या हाताखाली डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचा कोच झाला आणि जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये त्याने जो प्लॅन केला तो माझ्या मते त्याचं सगळ्यात भारी काम. समोरच्या बफेलो बिल्सचा पासिंग गेम जबरदस्त, म्हणून ह्याने पुढची माणसं कमी करून मागे पास अडवायला लावली आणि आपल्याच खेळाडूंना सांगितलं की त्यांच्या बॉल घेऊन पळणाऱ्या थर्मन थॉमसला १०० यार्ड पळू द्या, म्हणजे पास कमी होतील. तो १३५ पळाला, तरी जायंट्स २०-१९ जिंकले. अर्थात बफेलोची शेवटची किक हुकली हेही खरंच.

मग क्लीव्हलँड. हेड कोच म्हणून पाच सिझन, ३६ विजय ४४ पराभव, त्यात लोकांचा लाडका क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) बर्नी कोसारला काढला म्हणून शिव्या खाल्ल्या, शेवटी मालकाने टीमच बाल्टिमोरला न्यायची ठरवली आणि ह्याला नारळ दिला. पुन्हा पार्सेल्सचा असिस्टंट. २००० च्या जानेवारीत न्यूयॉर्क जेट्सचा हेड कोच झाला आणि दुसऱ्याच दिवशी कागदावर एक ओळ खरडून राजीनामा, कारण न्यू इंग्लंड पेट्रियट्स ही दुसरी टीम बोलवत होती. जेट्सना त्याबदल्यात पहिल्या राउंडचा पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचा पेट्रियट्सचा हक्क मिळाला.

पुढचं सगळ्यांना माहितीये, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, सहा ट्रॉफ्या, २००७ ची स्पायगेट (दुसऱ्या टीमचे इशारे चोरून शूट केल्याचं प्रकरण) आणि ५ लाख डॉलरचा दंड. ब्रेडी २०२० ला गेल्यावर मात्र गाडी घसरली, २०२३ ला ४ विजय १३ पराभव, मग फारकत. जुना कोच डॉन शुलाच्या ३४७ विजयांच्या रेकॉर्डला फक्त १४ कमी होते, तरी एनएफएलमध्ये कोणी घेतलं नाही, अटलांटाने इंटरव्ह्यू घेऊन दुसऱ्यालाच निवडलं. म्हणून मग कॉलेज. २०२५ च्या पहिल्याच मॅचला टीसीयू ह्या टेक्सासच्या युनिव्हर्सिटीने ४८-१४ धुतलं आणि सिझन संपला ४ विजय ८ पराभवांवर.