हॉटेलात मुलासाठी ग्लुटेनमुक्त जेवण: नेमकं कुठे जपायचं?

सिलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार असलेल्या मुलाला ग्लुटेन, म्हणजे गहू, बार्ली यांसारख्या धान्यांतलं प्रथिन, थोडंही चालत नाही. ग्लुटेनमुक्त पास्ता मागवला, तोच ताटात आला, आणि तरीही मुलाच्या पोटात ग्लुटेन गेलं. हे कसं घडतं ते 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं. संशोधकांनी आधी गव्हाचा पास्ता उकळला आणि मग त्याच पाण्यात ग्लुटेनमुक्त पास्ता शिजवला. त्यात किलोमागे सुमारे 34 ते 116 मिलिग्रॅम ग्लुटेन निघालं. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे किलोमागे 20 मिलिग्रॅम. त्याच प्रयोगात गव्हाचा ब्रेड भाजलेल्या टोस्टरमध्ये ग्लुटेनमुक्त ब्रेडही भाजून पाहिला. टोस्टरमध्ये चुरा दिसत असूनही एकही नमुना या मर्यादेपलीकडे गेला नाही. गव्हाच्या केकला क्रीम लावलेली सुरी न धुता ग्लुटेनमुक्त केकसाठी वापरली, तेव्हाही मोजके अपवाद सोडता नमुने मर्यादेतच राहिले.

प्रयोग छोटा होता, त्यामुळे तेवढ्यावरून कुठलाही टोस्टर निर्धोक ठरवू नये. वेगळा मिळाला तर उत्तमच. पण पालकांना यातून एक दिशा मिळते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात धोका सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, तो काही ठिकाणी एकवटलेला असतो. पाणी, तळणीचं तेल, उडणारं पीठ आणि ताटांची अदलाबदल ही ती ठिकाणं. विचारपूस करायला वेळ थोडाच मिळतो, तो आधी यांच्यावर खर्च करावा.

इतक्या थोड्या ग्लुटेनची एवढी काळजी का, हा प्रश्न नातेवाईकही विचारतात. सिलिअ‍ॅक हा आजार जगात साधारण शंभरात एकाला असतो. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमध्ये प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं फार मोठ्या प्रमाणात असतात, आणि आपल्या पाचक विकरांना (एन्झाइमना) या प्रथिनाची साखळी पुरती तोडता येत नाही. 33 अमिनो आम्लांचा एक तुकडा तर सगळ्या विकरांना पुरून उरतो, असं 2002 मध्ये आढळलं. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण डीक्यू2 किंवा डीक्यू8 या जनुकांचा वारसा असलेल्यांपैकी काही जणांमध्ये आतड्यातलं ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर अशा तुकड्यांत किंचित बदल करतं. रोगप्रतिकारक पेशी ते शत्रू म्हणून ओळखतात, आणि त्या लढाईत लहान आतड्याच्या अस्तराचीच हानी होते. अन्नरस शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मोठ्या माणसात यातून अशक्तपणा येतो. मुलाची तर उंची, वजन आणि हाडं घडायची असतात, म्हणून त्याचं नुकसान जास्त.

प्रमाणाचा अंदाज असा. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या चाचणीत तीन महिने रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन घेतलेल्या सिलिअ‍ॅक रुग्णांच्या आतड्याचं अस्तर खराब झालेलं दिसलं. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण 2 ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे 50 मिलिग्रॅम हा त्याचा चाळिसावा भाग. त्यामुळे सूपवरचे ब्रेडचे तुकडे चमच्याने काढून तेच सूप मुलापुढे ठेवणं चालत नाही. नवं आणायलाच सांगावं, आणि त्यात संकोच करू नये.

तळणीबद्दल मला सर्वात जास्त सांगावंसं वाटतं, कारण तिथे गैरसमज पक्का आहे. बटाट्यात ग्लुटेन नसतं, मग फ्रेंच फ्राइज मुलाला चालतील असं वाटतं. पण त्याच तेलात मैद्याच्या आवरणाचे पदार्थ तळले जात असतील, तर त्यांचे कण तेलात उतरतात आणि बटाट्याला चिकटतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशा सामायिक तेलातल्या फ्राइजचे 20 नमुने तपासले, त्यांपैकी 9 मध्ये ग्लुटेन सापडलं. तेल कडकडीत तापलेलं असतं हा दिलासा खोटा आहे. ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हे. ते तळून मरत नाही आणि सॅनिटायझरने जात नाही. भांडी साबण-पाण्याने घासली तर मात्र निघतं.

पिठाचंही तसंच. अमेरिकेत हातात मावणाऱ्या तपासणी यंत्रांनी ग्राहकांनीच केलेल्या 5,624 चाचण्यांचा आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ग्लुटेनमुक्त म्हणून वाढलेल्या पदार्थांपैकी 32 टक्क्यांत ग्लुटेनचा अंश मिळाला. पिझ्झा आणि पास्ता यांच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होतं. शंका आली की लोक जास्त तपासतात, आणि ही यंत्रं किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या खालचा अंशही पकडतात, म्हणून आकडा जरा सावधपणे घ्यावा. तरी पिझ्झा आणि पास्ताच वर का आले हे कळतं. एका ओट्यावर दिवसभर मैदा उडत असतो, दुसरीकडे तेच पाणी पुन्हा पुन्हा उकळत असतं.

म्हणून ‘यात ग्लुटेन आहे का?’ हा प्रश्न पुरत नाही. वेटर घटकांचा विचार करून मनापासून ‘नाही’ म्हणतो, आणि ते खरंही असतं. विचारायचं ते असं: हे कशात तळता, त्यात आणखी काय तळता? पास्ता ताज्या पाण्यात कराल का? तवा धुऊन घ्याल का? सॉस कशाने दाट केला आहे? सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, माल्ट बार्लीचं असतं, आणि दाट सूप मैद्याचं असू शकतं. आधी फोन करायचा तर गर्दीची वेळ टाळावी. उत्तर देणारा गोंधळला किंवा वैतागला, तर तिथे मुलासाठी काही मागवू नये, असं माझं ठाम मत आहे. ताट आलं की ‘हे ग्लुटेनमुक्तच ना?’ एवढं पुन्हा विचारावं, कारण गर्दीत ताटं बदलतात. मग टेबलावर आपलीच चूक टाळायची: भावंडाच्या ब्रेडचा हात, सगळ्यांचा एकच चमचा.

या सगळ्यात मुलाचं मन जपावं लागतं. 2018 च्या एका अभ्यासात किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांपैकी अतिदक्ष असणाऱ्यांचं जीवनमान तुलनेने खालावलेलं आढळलं. घरातल्या सगळ्यांनी मुलाला चालेल असा निदान एक पदार्थ वाटून खाल्ला, आणि बोलण्याइतकं मोठं झाल्यावर वेटरला प्रश्न त्यानेच विचारले, तर जेवण फक्त पहाऱ्याचं राहत नाही.

तरीही चूक झालीच, तर काही तासांत उलटी, पोटदुखी किंवा थकवा येऊ शकतो. काही मुलांना काहीच जाणवत नाही. गव्हाच्या अ‍ॅलर्जीत एकाएकी श्वास कोंडू शकतो आणि तेव्हा अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. सिलिअ‍ॅकमध्ये त्याचा उपयोग नाही. पाणी द्यावं, विश्रांती द्यावी. ‘ग्लुटेन पचवणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या विकरांच्या गोळ्यांवर भरवसा ठेवून तर मुलाला काही खाऊ देऊच नये. एखाद्या चुकीने रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) वाढतीलच असं नाही, वारंवार ग्लुटेन जात असेल तर ती वाढलेली दिसू शकतात. तारीख, पदार्थ आणि लक्षणं लिहून ठेवली, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना माग काढता येतो.