पिंजलेल्या धाग्याचा कोळी

गेल्या पावसाळ्यात जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील एका केळीबागेच्या बांधावर मी बोरीच्या फांद्यांमधले एक आडवे जाळे न्याहाळत होतो. तेव्हा बागेच्या मालकीण असलेल्या मावशींनी विचारले, "भाऊ, याच्यावर औषध मारू का? नातवाच्या मानेवर कोळी मुतला." मुलाच्या मानेवर भाजल्यासारखा लाल पट्टा आणि त्यावर बारीक फोड होते. कोळी मुतल्याने फोड येतात ही समजूत आपल्याकडे घरोघरी आढळते, परंतु ती चुकीची आहे. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा पिडेरस नावाचा काळा-केशरी भुंगेरा अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातील द्रवाने कातडी अशी पोळते. कधी कधी असे फोड नागिणीचेही असतात. नागिणीवरचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुणकारी ठरते, म्हणून ते दिवस मंत्र घालण्यात आणि उतारे टाकण्यात घालवणे धोक्याचे आहे. मावशींच्या बोरीवरच्या त्या कोळ्याला तर विषग्रंथीच नव्हत्या.

हा कोळी युलोबोरिडी कुळातला. १८६९ साली थोरेल या स्वीडिश शास्त्रज्ञाने या कुळाला नाव दिले, आणि आज त्यात जगभरातील जवळपास ३०० जाती मोडतात. बहुतेक जाती काही मिलिमीटर लांबीच्याच असून त्या झाडाझुडपांच्या फांद्यांमध्ये, तर काही घरांच्या कोपऱ्यांतही जाळी विणतात. पुढचे पाय सरळ पुढे ताणून हा कोळी निश्चल बसला की वाळक्या काडीचा तुकडाच वाटतो. कोळ्यांच्या बहुतेक सर्व कुळांना विषग्रंथी असतात. हे कूळ त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे.

त्याच्या जाळ्यात डिंकही नाही, आणि मला या कोळ्याचे सर्वाधिक आकर्षण वाटते ते यामुळेच. बागेत दिसणाऱ्या मोठ्या चक्राकार जाळ्यांच्या धाग्यांवर चिकट द्रवाचे सूक्ष्म थेंब असतात, आणि ते थेंब हवेतील ओलावा शोषून आपला चिकटपणा टिकवतात. युलोबोरिडी कोळी मात्र कोरडा धागा कातून त्याच्यावर लोकर चढवतो. त्याच्या पोटाखाली, नेहमीच्या कातण्याच्या अवयवांच्या पुढे, हजारो अतिसूक्ष्म छिद्रांची एक चपटी चाळणी असते. तिच्यातून निघणारे तंतू साधारण १० ते ५० नॅनोमीटर जाडीचे असतात. माणसाचा केस त्यांच्यापेक्षा हजारपटींहून अधिक जाड असतो. चौथ्या पायावरील राठ केसांच्या फणीने कोळी हे तंतू भराभर विंचरून बाहेर ओढतो आणि मूळ धाग्याभोवती त्यांचे फुगीर पुंजके रचतो. ज्याने पिंजाऱ्याकडे कापूस फुलताना पाहिला आहे, त्याला या पुंजक्यांचे रूप सहज डोळ्यांसमोर आणता येईल.

हे पुंजके विद्युतभारामुळे फुलतात, असे २०१५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुचवले, आणि ती कल्पना फार लोकप्रिय झाली. दोनच वर्षांनी आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने विद्युतभाराशिवायही हे तंतू तयार होतात असे दाखवले, त्यामुळे 'विजेचा कोळी' असे कोणी ठोकून लिहिले तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. चिकटण्यामागे मुख्यतः रेणूरेणूंमधील क्षीण आकर्षण, म्हणजे व्हॅन डर वाल्स बल असते. पाल भिंतीवर टिकते तीही याच बलामुळे. एका तंतूचे आकर्षण नगण्य असते, परंतु हजारो तंतू किड्याच्या अंगावरील प्रत्येक खळग्याशी भिडतात तेव्हा त्यांची बेरीज मोठी होते. शिवाय किड्याच्या कवचावर मेणाचा थर असतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की ते मेण तंतूंच्या जंगलात केशाकर्षणाने, म्हणजे वातीत तेल चढते तसे, वर चढते, तंतू त्यात रुततात, आणि मेण व तंतू मिळून एक संयुक्त पदार्थ बनतो. मेण धुऊन काढलेल्या किड्याला हाच धागा खूपच कमी चिकटतो. थोडक्यात, किड्याला पकडून ठेवणाऱ्या डिंकाचा कच्चा माल तो किडाच पुरवतो. स्वतःच्या फणीला मात्र हे तंतू चिकटत नाहीत, कारण तिच्या केसांवर बोटांच्या ठशांसारख्या नॅनोमीटर आकाराच्या रेषा असतात आणि तंतूंना टेकायला फार कमी जागा मिळते. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवा कोरडीठाक होते, तेव्हा ओलाव्यावर अवलंबून असलेल्या थेंबांपेक्षा असा वाळणे ठाऊक नसलेला धागा किती सोयीचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

विषग्रंथी नसताना शिकार ठार कशी होते, हा प्रश्न उरतोच. कोळी किड्याला गुंडाळतो, आणि ते साधे गुंडाळणे नसते. २००६ साली या कुळातील फिलोपोनेला विसिना या जातीवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मागच्या पायांच्या हजारो हालचाली करून एका शिकारीभोवती शेकडो मीटरपर्यंत धागा गुंडाळला जातो. प्रत्येक वेढ्याचा ताण अगदी थोडा असतो, परंतु सर्व वेढ्यांचा मिळून दाब इतका वाढतो की किड्याचे पाय मोडतात, संयुक्त डोळे आत दबतात आणि कधी कधी तो तिथेच मरतो. पुढे कोळी त्या घट्ट गाठोड्यावर आपला पाचक रस ओकून ते सगळे भिजवतो. या रसातच विषारी घटक असल्याचे युलोबोरस प्लुमिपेस या जातीवरील २०२५ सालच्या संशोधनाने दाखवले आहे, म्हणजे दंशाने आत सोडायचे विष हा कोळी बाहेरून ओततो, आणि तेही शिकार पूर्ण आवळली गेल्यावरच.