रॉडवरचा पांढरा थर आणि गाडीचं कुलंट

ज्यांच्या घरी बोअरचं पाणी येतं त्यांनी पाणी तापवायचा रॉड एकदा हातात घेऊन पाहावा. काही महिन्यांत त्यावर पांढरा, खरखरीत थर चढलेला असतो. सुरीनं खरवडला की पापुद्रे निघतात. पाण्यातले क्षार तापले की असे धातूला चिकटून बसतात. दोन उन्हाळ्यांपूर्वी माझ्या गाडीचा रेडिएटर, म्हणजे इंजिनची उष्णता हवेत सोडणारी नळ्यांची जाळी, खोलला, तेव्हा त्याच्या नळ्यांच्या तोंडाशी मी हाच थर पाहिला.

मे महिन्यात मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात गाडी तापली होती. कारण वर्षभर आधीचं निघालं. एका गॅरेजमध्ये कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, कमी दिसलं म्हणून तिथल्या मुलानं नळीनं बोअरचं पाणी भरलं होतं. "पाणीच तर लागतं, साहेब," असं तो म्हणाला आणि मलाही ते पटलं.

तसं त्याचं अर्धं खरं होतं. उष्णता वाहून नेण्यात पाण्याच्या तोडीचा स्वस्त द्रव दुसरा नाही. जळणाऱ्या इंधनाचा वायू क्षणभर २००० अंशांच्याही वर जातो आणि इंजिनच्या ज्या अॅल्युमिनियमच्या हेडखाली, म्हणजे वरच्या झाकणाखाली, हे घडतं, ते अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तेवढाच सायलेन्सरमधून जातो आणि जवळपास तेवढाच कुलंटला उचलून रेडिएटरपर्यंत न्यावा लागतो.

पण नुसत्या पाण्याच्या दोन खोडी आहेत. ते लवकर उकळतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्यानं इथे तर ९८ अंशांनाच. आणि ते धातू खातं. म्हणून त्यात इथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव मिसळतात. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असलं की उकळबिंदू १०७ अंशांच्या आसपास जातो. वर कुलंटच्या टाकीचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं, त्यामुळे तो १२५ अंशांच्याही पुढे सरकतो. हेच मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. निफाडच्या थंडीत द्राक्षबागायतदार रात्र जागून काढतात, पण तिथेही इतका गारठा कधी पडत नाही. आपल्याला ग्लायकॉल लागतं ते घाट चढण्यासाठी.

ग्लायकॉल जितकं जास्त तितकं चांगलं, असंही नाही. पाण्यापेक्षा ते उष्णता कमी उचलतं आणि निव्वळ ग्लायकॉल तर उणे १३ अंशांनाच गोठतं. म्हणून कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे पाणी न मिसळलेल्या कुलंटचा डबा आणला तर त्यात सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळायचंच. रेडी मिक्स आणलं तर त्यात आणखी काही घालायचं नाही.

कुलंटमधला खरा मोलाचा भाग मात्र मूठभरच असतो: गंजरोधक रसायनं. ती धातूवर एक अतिसूक्ष्म कवच धरून ठेवतात आणि हे काम करता करता संपत जातात. ग्लायकॉल वर्षानुवर्षं टिकतं, ही रसायनं टिकत नाहीत. म्हणूनच पातळी बरोबर असली तरी कुलंट ठरावीक मुदतीत बदलावं लागतं. जुन्या पद्धतीचं दोनेक वर्षांत, सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं नवं साधारण पाच वर्षांत. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. रंगावर मात्र अजिबात विसंबू नका. हिरवा, गुलाबी, निळा हा फक्त घातलेला रंग असतो, सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली खूण नव्हे. दोन न जुळणारी कुलंट एकत्र आली तर कवच कमकुवत होतं, कधी कधी चिकट गाळही धरतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन पूर्ण गार, म्हणजे सकाळी बाहेर पडण्याआधी. बॉनेट उघडून पांढुरक्या टाकीत पातळी 'मिन' आणि 'मॅक्स'च्या रेघांमध्ये आहे का, ते पाहायचं. बोटभर कुलंट पारदर्शक बाटलीत घेऊन उजेडात धरा. गढूळ, तांबूस किंवा तेलकट दिसलं तर नुसतं टॉप अप करून भागणार नाही. पातळी महिन्या-महिन्याला उतरत असेल, तर ते कुठेतरी जातंय: होजच्या (रबरी नळीच्या) क्लिपपाशी, वॉटर पंपाच्या खाली, किंवा हेडखालच्या पट्टीतून, म्हणजे हेड गॅस्केटमधून, थेट इंजिनात. डिपस्टिकवरचं (इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) तेल दुधाळ दिसलं तर गाडी चालूच करू नका.

डॅशबोर्डवर भिस्त ठेवावी का? कित्येक नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. शिवाय तापमान मोजणारा सेन्सर कुलंटमध्ये बुडलेला हवा. कुलंट सांडून गेलं तर तो उघडा पडतो आणि चुकीचं वाचतो.

घाटात तापलीच, तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सोडा. उकाड्यात जीव नकोसा होतो, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. तोही इंजिनची उष्णता बाहेर काढतो. सुरक्षित जागा मिळताच थांबा, इंजिन बंद करा आणि झाकणाला हात लावू नका. झाकण सैल होताच दाब पडतो आणि १०० अंशांच्या वर असलेला द्रव एका क्षणात उकळून तोंडावर येतो. गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडाही जाऊ शकतो. अर्धा-पाऊण तास थांबावंच लागतं.

काढलेलं जुनं कुलंट गटारात सोडू नका, ते शेवटी गोदावरीत जातं. ग्लायकॉल चवीला गोड असतं, म्हणून अंगणात सांडलेलं कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही तोच धोका.

दसऱ्याला सकाळी गाडी धुऊन हार घालतो, तेव्हा आमच्याकडे आता बॉनेट आधी उघडतं. टाकीवर मार्करनं पातळीची रेघ आणि तारीख लिहितो. मागच्या वर्षीची रेघ तिच्या शेजारीच असते.