माइसेनचे पोर्सिलेन प्राणी

जर्मनीतील सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला शासक) आणि पोलंडचा राजा दुसरा ऑगस्टस (१६७०–१७३३) याने ड्रेस्डेनमधील आपल्या जपानी महालासाठी सॅक्सनीतील माइसेनच्या पोर्सिलेन कारखान्यात घडवून घेतलेले पशुपक्ष्यांचे मोठे पुतळे. काम १७३० च्या सुमारास सुरू झाले. मागणी जवळपास सहाशे नगांची होती आणि जमेल तेथे प्राणी प्रत्यक्ष आकाराचा हवा होता. एवढे मोठे पुतळे पोर्सिलेनमध्ये युरोपात तोवर कोणी केले नव्हते.

आरंभीचे बरेचसे नमुने योहान गॉटलीब किर्शनरचे आहेत. त्याचा गेंडा जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररच्या १५१५ च्या काष्ठमुद्रेवरून केलेला आहे. मूळ जनावर गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेले. ते गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेले. ड्यूररने ते स्वतः पाहिले नव्हते, त्यामुळे खांद्यावरचे जादा शिंग पोर्सिलेनमध्येही उतरले. १७३१ मध्ये रुजू झालेल्या योहान योआखिम केंडलरने मात्र राजाच्या प्राणिसंग्रहातील जिवंत जनावरे आणि पेंढा भरलेले नमुने पाहून रेखाटने केली. पिलाला पाजताना मान वळवून बसलेली त्याची शेळी (१७३२) या संचातली सर्वांत सरस कृती म्हणावी लागेल.

मूळ नमुन्यावरून प्लास्टरचा साचा अनेक तुकड्यांत काढत. त्यात माती दाबून भरत, सुटे भाग पातळ मातीच्या घोळाने जोडत आणि पुतळा आतून पोकळ ठेवत. आतली हवा निघून जावी म्हणून छिद्र लागे. खरी अडचण पुढे येई. केओलिनयुक्त (पांढरी चिनी माती असलेली) माती वाळताना व भाजताना मिळून सुमारे एक षष्ठांशाने आकसते. पातळ भिंतीच्या पेल्याला हे सोसते. जाड धड आणि बारीक पाय मात्र वेगवेगळ्या वेगाने वाळतात, आणि तडा नेमका जोडावर जातो. ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होऊन भिंत फुटते, म्हणून पुतळे दीर्घकाळ सावकाश वाळवावे लागत. सुमारे १,४०० अंश सेल्सियसला माती मऊ पडते आणि वजनाने पाय वाकतात. उभ्या प्राण्याच्या पोटाखाली खडक किंवा झाडाचा बुंधा दिसतो तो शोभेपुरता नाही, त्यावर धड टेकलेले असते. एवढी काळजी घेऊनही अनेक पुतळ्यांवर भाजणीतले मोठे तडे राहिले.

तडकलेला पुतळा रंग पक्का करण्यासाठी पुन्हा भट्टीत घालणे धोक्याचे होते. त्यामुळे मोठे प्राणी पुन्हा न भाजता तैलरंगांनी रंगवले. हे रंग पुढे सुटले किंवा काढून टाकण्यात आले. आज दिसणारा शुभ्रपणा बऱ्याच पुतळ्यांच्या बाबतीत मूळचा नाही.

१७३३ मध्ये राजा वारला. मुलाच्या कारकिर्दीत काम काही वर्षे चालले, पण महालाची मूळ योजना कधीच पुरी झाली नाही. संग्रहाचा मोठा भाग आज ड्रेस्डेनच्या त्स्विंगर या राजवाड्यातील संग्रहालयात आहे. काही पुतळे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासह इतरत्र पोहोचले आहेत.