फायनल इयर प्रोजेक्ट: सिनॉप्सिसपासून वायव्हापर्यंत काय काय कागद लागतात

प्रोजेक्ट चालला की झालं असं वाटतं, पण सबमिशनच्या आठवड्यात मुलं कोडपेक्षा सह्यांमुळे जास्त अडकतात, म्हणून हे सुरुवातीलाच वाचून ठेवा.

पात्रतेचं म्हणाल तर शेवटच्या वर्षाचं रजिस्ट्रेशन झालेलं हवं. बॅकलॉग (राहिलेले विषय) किती चालतात ते प्रत्येक विद्यापीठात वेगळं, त्यामुळे ग्रुप करायच्या आधीच सगळ्यांनी आपापलं तपासा.

पहिला कागद सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा थोडक्यात आराखडा. प्रॉब्लेम स्टेटमेंट, आधी कोणी काय केलंय, तुम्ही काय करणार, वेळापत्रक, एवढंच. स्कोप छोटा ठेवा, मनापासून सांगतोय. ‘स्मार्ट वॉटर मॅनेजमेंट’ असं लिहिण्यापेक्षा ‘टाकीची पातळी मोजून पंप बंद करणे’ लिहा, कारण लिहिलेलं सगळं रिव्ह्यूला दाखवावं लागतं. कंपनीत करणार असाल तर लेटरहेडवर स्पॉन्सरशिप लेटर घ्या आणि त्यांचा डेटा रिपोर्टमध्ये छापायची परवानगीही लेखी घ्या, ही दुसरी गोष्ट हमखास राहते.

आता लॉगबुक. आम्ही तीन महिन्यांच्या सह्या एकदम घ्यायला गेलो आणि गाइडनी वही तशीच परत दिली, त्यांचं बरोबरच होतं. दर आठवड्याला तारीख, काय केलं, काय बिघडलं आणि सही. नोंद अशी हवी: ‘एचसी-एसआर०४ (अंतर मोजणारा सेन्सर) ची इको पिन ५ व्होल्ट देते, ईएसपी३२ (कंट्रोलर बोर्ड) ची पिन ३.३ व्होल्टची, म्हणून मधे १ आणि २ किलोओहमचा व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडी) लावला.’ वायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ‘हे रेझिस्टर कशाला’ विचारलं की उत्तर तयार असतं, आणि काम तुम्हीच केलंय हेही त्यातूनच दिसतं.

रिपोर्टला सर्टिफिकेट, डिक्लरेशन, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आणि बहुतेक ठिकाणी प्लॅजरिझम रिपोर्ट (मजकूर किती कॉपी आहे ते दाखवणारा) लागतो. रेफरन्स आयट्रिपलई (IEEE, इंजिनिअर्सची संस्था) पद्धतीने मागितले असतील तर चौकोनी कंसातले नंबर मजकुरात येतात त्याच क्रमाने द्या. गिटहबवरचा (कोड शेअर करायची साइट) कोड घेतलाय तर लायसन्स वाचा, एमआयटी लायसन्ससारखं मोकळीक देणारं लायसन्स असलं तरी मूळ कॉपीराइट नोटीस ठेवावीच लागते. पेटंटचा विचार असेल तर पेपर छापायच्या आधी गाइडशी बोला, एकदा जाहीर झालं की नावीन्याचा मुद्दा अडचणीत येऊ शकतो.

बाइंडिंग मात्र गाइडनी सॉफ्ट कॉपी बघून ओके म्हटल्यावरच करा, आणि सर्टिफिकेटवरची नावं, परीक्षा नंबर छापायच्या आधी ग्रुपमधल्या प्रत्येकाने स्वतः वाचा.